आत्याबरोबर ठाणं पाहिलं तो दिवस

आमच्या डोंबिवलीच्या घरात अचानक असं काही घडतच नसे. सोमवारी मुगाची खिचडी, मंगळवारी वालाचं बिरडं, गुरुवारी दादांचा उपास म्हणून साबुदाणा, शनिवारी थालीपीठ. शाळेतून येताना जिन्यातच वासावरून वार कळे. पहाटे पाण्याची मोटर सुरू व्हायची, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग सातच्या ठोक्याला कारखान्यांकडून भोंगा आणि त्या भोंग्याच्या शेपटाला धरूनच बाहेरच्या खोलीतून दादांची हाक, "मालू, चहा." दादा म्हणजे माझे वडील. आणि मालू म्हणजे त्यांची धाकटी बहीण, माझी मालूआत्या. मी पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हा दादा तिला म्हणाले होते, "थोडे दिवस थांब, वासू जरा मोठी होऊ दे." ते थोडे दिवस मी अकरावीत गेले तरी संपले नव्हते. मला मात्र ते 'दिवस' आहेत हेच माहीत नव्हतं. मला वाटे, आत्या ही घराबरोबरच येते, भिंतीसारखी, नळासारखी.

आत्या कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. तेव्हा परगावी फोन लावायचा तर आधी नंबर नोंदवून तासन्‌तास वाट बघावी लागे आणि मधे कुणीतरी माणूस बसून तारा जोडून देई. तो माणूस म्हणजे माझी आत्या. दिवसभर ती भुसावळशी बोले, इंदूरशी बोले, मंगळूरशी बोले. संध्याकाळी कणीक मळता मळता ती मला त्या गावांचे आवाज काढून दाखवी. इंदूरचा ऑपरेटर प्रत्येक वाक्याआधी खाकरतो. मंगळूरची बाई वाक्याचा शेवट वर नेऊन सोडून देते, झोपाळ्यासारखा. भुसावळच्या मागे सतत इंजिनाची शिट्टी असते. एवढ्या गावांची ओळख असलेली माझी आत्या प्रत्यक्षात मात्र एकदाच परगावी गेली होती, नाशिकला, तेही आईच्या अस्थी घेऊन. तिथून ती दुसऱ्या दिवशी परतली होती, कारण घरी मी होते.

त्या हिवाळ्यात एके दिवशी जेवताना आत्या ताटाकडे बघत म्हणाली, "दादा, ठाण्याचं एक स्थळ आहे. वर्तकनगरला. बिजवर आहेत, मूलबाळ नाही. एक्स्चेंजमधल्या एकीच्या ओळखीतलं आहे." दादांचा घास हातातच राहिला. मग ते म्हणाले, "बघू की. मला इन्स्पेक्शन आहे हा पंधरवडा." आत्या म्हणाली, "तुम्ही नंतर या. आधी मी आणि वासू जाऊन येतो." एवढंच. विषय संपला आणि ताकाचं भांडं पुढे सरकलं. मी मात्र त्या रात्री आत्याच्या शेजारी अंथरुणावर पडून तिच्या श्वासाकडे कान लावून होते. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं होतं, की आत्या उठून कुठेतरी जाऊ शकते.

ठरलेल्या दिवशी आत्याने रजा काढली, मी कॉलेज बुडवलं. तिने जांभळी साडी नेसली होती, बारीक बुट्ट्यांची. ठाण्याला आम्ही कधी गेलोच नव्हतो असं नाही. पण ते स्टेशनवरून एखाद्या लग्नाच्या हॉलपर्यंत आणि हॉलवरून परत स्टेशनपर्यंत. खिडकीतून दिसणारी गावाच्या नावाची पाटी एवढंच आमचं ठाणं. वर्तकनगरच्या वसाहतीत सगळ्या इमारती सारख्या होत्या, पिवळसर, तीन मजली, गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींवरून काय ती ओळखायच्या. बरोबर नंबराची इमारत सापडली तेव्हा आत्या खालीच थांबली. तिच्या ओठांवर पांढरी रेघ आली होती. रुमालाने मान पुसत म्हणाली, "तू आधी वर जाऊन ये वासू. पाटी बघ, दामलेच ना ते. मी येतेच मागून."

मी वर गेले. तिसऱ्या मजल्यावर दामल्यांची पाटी होती आणि दाराला कुलूप होतं. मी वळणार तोच शेजारचं दार उघडलं आणि हातात तांदूळ पाखडायचं सूप घेतलेल्या एक काकू बाहेर आल्या.

"डोंबिवलीहून ना गं? बरं झालं बाई आलात. दामलेभाऊंना सकाळीच कारखान्यातून बोलावणं आलं, मशीन बंद पडलंय म्हणून. फार हळहळत होते. म्हणाले, पाचच्या आत नक्की येतो, त्यांना जाऊ देऊ नका. ही किल्ली ठेवलीय बघ. आत बसा, पंखा लावा, डब्यात चिवडा आहे म्हणाले. कुठायत तुझ्या आत्या?"

किल्लीला लाल दोरा बांधलेला होता. काकूंनी ती माझ्यापुढे धरली आणि मी हात मागे घेतला. "खाली आहेत. सांगते त्यांना," असं म्हणून मी जिना उतरले. जिन्याच्या वळणावर एका मोठ्या खिडकीतून ऊन येत होतं, त्या उन्हात मी थोडी थांबले. काय बोलायचं ते मी ठरवलं असं म्हणता येणार नाही. ते माझ्या तोंडात तयारच होतं. खाली येऊन मी म्हटलं, "कुलूप आहे आत्या. शेजारच्या म्हणाल्या कुठेतरी गेलेत, कधी येतील माहीत नाही."

आत्याने वर बघितलं. ती काही विचारील या भीतीने माझे कान तापले होते. पण तिने नुसती मान हलवली, हातातला रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला आणि आम्ही वसाहतीच्या फाटकाकडे चालू लागलो. मला वाटलं, आता स्टेशन, मग घर, आज बुधवार म्हणजे मटकीची उसळ. फाटकाबाहेर एक बस उभी होती. इंजिन थरथरत होतं, कंडक्टर खाली उतरून पान खात होता. आत्या थांबली.

"ही कुठे जाते हो?"

"तलावपाळी, मार्केट. बसा, बसा, निघतेच आहे."

"बसू या," आत्या म्हणाली.

"कुठे जायचंय पण?"

"मला काय माहीत? दिवसभराची रजा आहे माझी. अकरा वाजता घरी जाऊन काय करू, भिंतींना सांगू?" आणि ती चढलीसुद्धा.

पुढचे चार-पाच तास मी आयुष्यात कितीदा आठवले असतील याची गणती नाही. मी एक खोटं बोलले होते आणि त्या खोट्यातून एक अख्खं शहर उघडलं होतं, ज्यात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं आणि आमची कुणी वाट बघत नव्हतं. निदान आत्याला तरी तसंच वाटत होतं. तळ्याकाठी आम्ही उतरलो. हिवाळ्यातलं ऊन पाण्यावर पसरलं होतं, कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं. काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती. काळी, शिंगं असलेली ती फळं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांची सालं सोलताना आमची बोटं काळी झाली. आत गोडसर, पिठूळ, काहीशी चिखलाची चव. आत्या कठड्यावर बसून पाय हलवत खात होती. तिला पाय हलवताना मी कधी बघितलं नव्हतं.

मग होडी. आत्याच म्हणाली, "बसायचं?" तळ्यात मधोमध होडीवाल्याने वल्ही वर घेतली आणि होडी आपली आपण हळूहळू फिरू लागली. आधी देवळाचा कळस दिसला, मग काठावरची झाडं, मग रस्त्यावरच्या रिक्षा, मग पुन्हा कळस. आवाज सगळे काठावरच राहिले होते. आत्याने डोळे मिटले. कितीतरी वेळाने म्हणाली, "कानात काही नाहीये आज." दिवसभर ती कानाला यंत्र लावून बसायची, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला वाटलं, ती दामल्यांना विसरली. मी सुटले असं वाटलं मला, आणि मी पाण्यात हात सोडला.

त्यानंतर आम्ही कुणालाच काही न विचारता चालत राहिलो. एका गल्लीत पितळी भांड्यांना कल्हई लावणं चाललं होतं, तिथे उभ्या राहिलो. एका जुन्या चर्चच्या आवारात शिरलो आणि आत्या मागच्या बाकावर दहा मिनिटं बसली, चप्पल बाहेर काढून. एका दुकानात तिने मला हिरव्या काचेच्या बांगड्या घेतल्या. त्या हातात चढेनात, तर दुकानवाल्या बाईने माझा हात साबणाने धुऊन, बोटं दाबत, "अगं सैल सोड, सैल," म्हणत चढवल्या. आत्या प्रत्येक वळणावर विचारायची, "डावीकडे की उजवीकडे?" आणि मी सांगीन तिकडे वळायची. याची मला सारखी गंमत वाटत होती, की ही बाई, जिने माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावरसुद्धा आठवड्याचं वेळापत्रक डकवलं होतं, ती माझ्या बोटावर चालली आहे. दीडच्या सुमाराला एका स्टॉपवर बाळकुमची बस लागली. "बाळकुम," आत्याने पाटी वाचली, पुन्हा एकदा तोंडात घोळवली. "नाव छान आहे. चल."

परवाच एका बारशाला मी बाळकुमला गेले होते. एकतिसाव्या मजल्यावर घर. लिफ्टमध्ये कान दडपले. गॅलरीतून खाडी दिसते, पण ती एवढ्या खाली, की कुणी राखाडी रिबीन टाकून दिल्यासारखी. मी त्या मुलांना म्हटलं, अरे इथे भात निघाल्यावर वाल पेरलेला असायचा. तर ती हसली, म्हाताऱ्यांना बघून हसतात तशी, प्रेमाने. कुठल्या जागी काय होतं ते मलाच नक्की सांगता आलं नसतं.

तेव्हा मात्र बस थांबली ती शेतांच्या कडेलाच. भाताची खुंटं अजून उभी होती आणि त्यांच्यामधून वालाचे वेल वर येत होते. गल्लीच्या तोंडाशी पांढरा चुना दिलेला क्रूस होता, त्याला झेंडूची माळ. आम्ही आत शिरलो तशी तळणाचा वास आला. एका कौलारू घरापुढे, अंगणात, चुलीवर मोठी कढई होती आणि चौकड्याचं लुगडं नेसलेली एक थोराड बाई मुठीतून पीठ तेलात सोडत होती. मूठ दाबली की अंगठ्यावरून एक गोळा बाहेर येई, तेलात पडे आणि टम्म फुगून आपणच कूस बदले. नाताळ तोंडावर आला होता, त्याचं हे तळण. आम्ही बघत उभ्या राहिलो, इतका वेळ की तिने मान वर केली.

"कुठशी आल्याव गो बायांनो? कोनाकडं जावाचा हाय?"

"कुणाकडेच नाही," आत्या म्हणाली. "आम्ही आपलं गाव बघायला आलोय."

"बालकुम बघाला?" ती एवढी हसली की झाऱ्यातलं तेल ठिबकलं. "बालकुमान बघासारखा काय हाय? खारी हाय, ती सगल्यांनाच हाय. बसा. फुगे खावा."

तिचं नाव रेजिनाबाई. तिने केळीच्या पानाच्या तुकड्यावर चार-चार गरम फुगे आमच्यासमोर ठेवले. आत्याने एक उचलला, नाकाशी नेला आणि अडखळत विचारलं, "यात अंडं असतं का हो?"

"हाय थोडा. नको त नको खाव बाय, राग नाय मना."

आमच्या घरात अंडं आजवर आलं नव्हतं. आत्याने माझ्याकडे बघितलं, मी आत्याकडे. मग तिने तो फुगा तोडला, आतून वाफ निघाली, आणि अर्धा माझ्या तोंडात घातला. जराशी गोड, जराशी आंबूस अशी ती चव. आत्याने चारही खाल्ले आणि पाचवा मागून घेतला. रेजिनाबाईने आम्हाला खाडीकडची वाट दाखवली, "तिथं धक्क्यावर बसा, वारा हाय. भरती येल आता."

धक्का म्हणजे दगडांची एक जुनी उतरण होती. ओहोटी पूर्ण झालेली. समोर लांबवर चिखल चमकत होता आणि त्यात तीन-चार होड्या कलंडून पडल्या होत्या, दुपारच्या झोपेतल्या म्हशींसारख्या. पांढरे बगळे पाय उचलून उचलून चालत होते. आम्ही दगडावर बसलो. मला डुलकी लागत होती. कधीतरी पाण्याची एक जीभ चिखलातून पुढे आली, मग दुसरी. कुणी हात न लावता एक होडी हळूच सरळ झाली, तिच्यानंतर दुसरी. मी आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं. मी मनात म्हणत होते, असंच राहू दे, दर बुधवारी आम्ही अशाच येऊ, दोघीच.

"वासू," आत्या म्हणाली, "मी दादाला खोटं सांगितलं."

मी डोकं उचललं नाही.

"हे स्थळ कुणी आणलेलं नाही. पेपरात जाहिरात होती, मीच पत्र टाकलं. सगळं लिहिलं त्यात. वय लिहिलं, तू आहेस ते लिहिलं. फाडलं दोनदा, पुन्हा लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, एक्स्चेंजच्या पत्त्यावर. मग माझं, मग त्यांचं. पाच पत्रं झाली." ती पाण्याकडे बघत बोलत होती, अगदी शांत, तारेवर बोलावं तशी. "इतकी वर्षं मी लोकांचे फोन जोडून दिले. कुणाचं कुणाशी काय चाललंय ते कानावर पडायचं, मी आपली तार लावून बाजूला. म्हटलं, एकदा स्वतःचा नंबर लावून बघावा. आज सकाळी वाटत होतं, दार उघडेल. कसे दिसत असतील, एवढीच भीती होती. कुलूप असेल असं नव्हतं वाटलं." ती जराशी हसली. "बरोबर आहे म्हणा. प्रत्यक्ष वेळ आली की माणूस घाबरतो. सांगायचं जिवावर आलं असेल, म्हणून गेले निघून. जाऊ दे. आता नाही लिहायचं पुन्हा. दिवस छान गेला की नाही आपला?"

त्या 'छान'ने मला फोडलं. ती रडली असती तर कदाचित मी गप्प बसले असते, कोण जाणे. सोळाव्या वर्षी माणूस फार निष्ठुर असू शकतो, हे मी माझ्यावरून सांगते. पण ती माझा दिवस चांगला गेला ना, ते विचारत होती. मी उठून उभी राहिले. आत्या बसलेली, मी उभी. मी बांगड्यांकडे बघत सगळं सांगून टाकलं. काकू, सूप, मशीन, पाच वाजता. किल्ली.

आत्याने विचारलं, "किल्ली ठेवली होती?"

"हो."

"माझ्यासाठी?"

"हो. पंखा लावा म्हणाले होते. डब्यात चिवडा आहे म्हणाले."

तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे झालं ते मला नीट लिहिता येत नाही. आधी तो सगळा उजळला. आणि त्याच उजेडात तिने माझ्याकडे बघितलं आणि तिचा आवाज, जो मी कधी चढलेला ऐकला नव्हता, कापला. "बाबा असताना बाबांनी ठरवलं. मग दादाने ठरवलं. आज तू ठरवलंस. अगं, मला विचारायचं कुणाच्याच कसं मनात येत नाही?"

मी रडायला लागले. तिने जवळ घेतलं नाही. ती उतरणीवरून खाली गेली, भरतीच्या पाण्यात हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि पदराने पुसत वर आली. "किती वाजले असतील?" तिने स्वतःलाच विचारलं आणि चालू लागली. मी मागून.

रेजिनाबाईला वाटेत सांगावं लागलं की परत निघालो. ती म्हणाली, बस आत्ताच गेली, पुढची तासाभराने. आमच्या तोंडांकडे बघून तिने आणखी काही विचारलं नाही. कागदात फुगे बांधून आत्याच्या हातात दिले, "नाक्यावं जा चालत, थय गारी मिलंल." आम्ही शेतांच्या कडेकडेने नाक्यापर्यंत चाललो, पाऊण तास तरी. आत्याची जांभळी साडी घोट्यापाशी धुळीने मळली होती. ती पुढे, मी दहा पावलं मागे. नाक्यावर रिक्षा मिळाली. रिक्षात ती मधे फुग्यांचा पुडा ठेवून बसली.

वर्तकनगरला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते आणि घराघरांत दिवे लागत होते. यावेळी आत्या खाली थांबली नाही. पुढे तीच चढली. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडं होतं आणि दारातच खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. उंच, जरा वाकलेले, जाड भिंगांचा चष्मा. हात स्वच्छ धुतलेले होते, पण नखांच्या कडेला काळं तेल राहिलेलं. आम्हाला बघून ते इतक्या घाईने उठले की खुर्ची मागे भिंतीवर आपटली.

"मी मालती," आत्या म्हणाली. "उशीर झाला. का झाला ते ही सांगेल." आणि माझ्याकडे वळून, "वासू, सांग."

मला वाटलं होतं की ती काहीतरी सांगून मला झाकेल. आजवर झाकत आली होती. मी त्या परक्या माणसासमोर उभी राहून, त्यांच्या चपलांकडे बघत, पुन्हा एकदा सगळं सांगितलं. शेजारच्या काकू दारात येऊन ऐकत होत्या तरी.

दामल्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "वय काय तुझं?"

"सोळा."

"मग बरीच सभ्य आहेस. सोळाव्या वर्षी मी असतो तर किल्ली घेऊन नाल्यात टाकली असती."

आत्या हसली. दिवसभरात बरंच हसली होती ती, पण हे वेगळं होतं. आत आल्यावर त्यांनी आम्हाला उठू दिलं नाही. स्वतः चहा टाकला, आलं ठेचलं, दूध उतू गेलं ते पुसलं. आत्याने पुडा उघडून फुगे बशीत काढले. त्यांनी एक खाल्ला आणि विचारलं, "हे कुठले?"

"बाळकुमचे," आत्या म्हणाली, आणि मग ती सांगतच सुटली. तळं, होडी, कल्हईवाला, वालाची शेतं, आपोआप सरळ होणाऱ्या होड्या. ते कप हातात धरून ऐकत होते. चहावर साय आली.

"वीस वर्षं मी ठाण्यात आहे," ते म्हणाले, "पण तळ्यातल्या होडीत बसलो नाही कधी."

"मग बघितलंत काय ठाण्यात?"

"घर आणि कारखाना. तुम्ही?"

"एक्स्चेंज आणि घर."

त्यांनी कपातली साय चमच्याने बाजूला केली आणि फुग्यांची बशी तिच्यापुढे सरकवली. मी खिडकीतून बाहेर बघत होते, आणि त्या खोलीत आपण जास्तीच्या आहोत हे मला कळत होतं. कुणी हाकललं नव्हतं, तरी कळत होतं.

ते आम्हाला बसपर्यंत सोडायला आले. बस सुटल्यावर मी विचारलं, "आत्या, तू जाणार?"

"हो," ती म्हणाली.

आत्याचं बोलणं नेहमी 'बघू', 'जमलं तर', 'दादाला विचारून' असल्या उशांवर टेकलेलं असे. हा 'हो' तसा कशाला टेकलेला नव्हता. मी खिडकीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तिने माझा हात हातात घेतला आणि डोंबिवलीपर्यंत सोडला नाही. तेवढ्याने मला माफ केलं असं मी समजले. पुढे कितीतरी वर्षांनी, वर्तकनगरच्या त्याच घरात, मी तिला तसं विचारलंही होतं. तर म्हणाली, "छे गं, तेव्हा कुठे? तेव्हा मला फक्त भीती वाटत होती, म्हणून धरला होता."

घरी दादा आमची वाट बघत बसले होते. सकाळी आत्याने करून ठेवलेली उसळ तिने गरम केली, पोळ्या लाटल्या, पानं वाढली. दादांनी दोन घास खाल्ल्यावर विचारलं, "कसं काय झालं?"

"बरं झालं. मी होकार देणार आहे."

"मी न बघताच?"

"तुम्ही या की रविवारी. चहाला बोलावलंय. पण होकार माझा झालेला आहे."

दादा वाईट माणूस नव्हते. बायको गेल्यावर ज्या खांबाला त्यांनी पाठ टेकली होती, तो खांब बोलू लागला होता. ते पोळीचा तुकडा मोडत राहिले, बारीक बारीक. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "वासूची पुढच्या वर्षी बारावी आहे, मालू. एवढं वर्ष तरी…"

आत्याचा हात पोळीच्या डब्यावर थांबला. मी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती मला काही विचारत नव्हती, काही मागत नव्हती.

"माझी बारावी मी करीन दादा," मी म्हटलं. "स्वयंपाकही शिकीन. तिला जाऊ द्या."

दादांनी मान वर केली. माझ्या तोंडून कुणी दुसरंच बोलल्यासारखं ते बघत राहिले. आत्या उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघं तिथे बसलो होतो, मधे उसळीचं पातेलं. दादांनी उरलेला भात संपवला, ताकाचा शेवटचा घोट घेतला. मग त्यांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि स्वतःचं ताट स्वतः उचललं. हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. ते मोरीपाशी गेले आणि ताट हातात धरून तसेच उभे राहिले, कारण पुढे त्याचं काय करायचं असतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"नळाखाली, दादा," मी म्हटलं. "नळाखाली ठेवा."